मानधनाचे मोल : अंगणवाडी सेविकांचे प्रशिक्षण आणि मोबदला

एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत झाला. त्या बीजाचा आज विशाल वृक्ष झाला असून देशभरात सुमारे 14 लाख अंगणवाड्या कार्यरत आहेत. सहा वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांना पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि पोषण व आरोग्यविषयक शिक्षण या सहा सेवा त्यांच्याद्वारे मिळतात. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड परिसरात मुलांच्या अंगणापर्यंत शिक्षण नेण्याचा प्रयोग त्यापूर्वीच केला होता.

एवढ्या मोठ्या सेवेचा भार सेविका व मदतनीस यांच्यावर आहे. त्यांना मिळणारे प्रशिक्षण आणि मोबदला हे दोन्ही प्रश्न म्हणूनच बालकांच्या हिताशी निगडित आहेत.

मोजमापातील कौशल्य

बालकाचे वजन व उंची घेणे हे वरवर साधे वाटणारे काम आहे. प्रत्यक्षात दोन वर्षांखालील बालकाची लांबी त्यास निजवून, तर त्यापुढील बालकाची उंची उभे करून मोजावी लागते. या नोंदीत एकदोन सेंटिमीटरची चूक झाली तरी बालकाची श्रेणी बदलू शकते आणि उपचाराची गरज असलेले मूल यादीबाहेर राहू शकते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असणे किंवा कुपोषणामुळे दोन्ही पायांवर सूज येणे ही तीव्र कुपोषणाची लक्षणे होत. ती वेळीच ओळखणारी नजर प्रशिक्षणानेच तयार होते.

कामाचे स्वरूपही बदलत गेले आहे. मार्च 2021 पासून ‘पोषण ट्रॅकर’द्वारे नोंदी भ्रमणध्वनीवर घेतल्या जाऊ लागल्या. मे 2023 मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ या कार्यक्रमाद्वारे बालशिक्षणाच्या प्रशिक्षणावर भर देण्यात आला. जबाबदारी वाढते तसा मोबदल्याचा प्रश्नही पुढे येतो.

मानसेवेची चौकट

योजनेच्या आरंभी सेविका ही गावातीलच, दिवसाचे काही तास सेवा देणारी मानसेवी कार्यकर्ती मानली गेली. त्यामुळे तिला वेतन नव्हे, तर मानधन मिळू लागले. सेविकांची पदे नागरी सेवेतील पदे नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कर्नाटकातील एका प्रकरणात दिला.

केंद्र शासनाने 1 ऑक्टोबर 2018 पासून सेविकेचे मानधन दरमहा 3,000 रुपयांवरून 4,500 रुपये केले. राज्ये त्यात आपल्या निधीतून भर घालतात. म्हणून राज्याराज्यांतील रकमांत तफावत आढळते. महाराष्ट्राच्या 2023-24 च्या अर्थसंकल्पात सेविकेचे मानधन 8,325 रुपयांवरून 10,000 रुपये आणि मदतनिसाचे 4,425 रुपयांवरून 5,500 रुपये करण्याची घोषणा झाली. 2024 मध्ये त्यात आणखी वाढ करण्यात आली.

उपदानाचा हक्क

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 रोजी गुजरातमधील प्रकरणात दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे. सेविका व मदतनीस यांना मिळणारे मानधन हे उपदान अधिनियम, 1972 च्या प्रयोजनासाठी वेतनच होय आणि त्यांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, 2013 मुळे अंगणवाडीवर वैधानिक कर्तव्ये आली असल्याचाही विचार न्यायालयाने केला.

उपदानाचे सूत्र सोपे आहे. मासिक वेतनास 26 ने भागून येणारी रक्कम 15 ने आणि नंतर सेवेच्या पूर्ण वर्षांनी गुणावयाची. उदाहरणार्थ, मासिक रक्कम 10,400 रुपये आणि सेवा 20 वर्षे असल्यास उपदान 1,20,000 रुपये होते. आयुष्याची उमेदीची वर्षे गावातील मुलांसाठी वेचणाऱ्या स्त्रीला वृद्धापकाळी ही रक्कम मोठा आधार ठरते.

या निर्णयाने सेविका शासकीय कर्मचारी ठरल्या नाहीत. मात्र मोबदल्याला कोणते नाव दिले आहे यावर श्रमाचे मूल्य अवलंबून नसते, हे त्यातून अधोरेखित झाले. प्रशिक्षित सेविका सेवेत टिकली तरच तिच्या प्रशिक्षणावरील खर्च सार्थकी लागतो आणि अंगणवाडीच्या दारी येणाऱ्या प्रत्येक बालकाला त्याचा लाभ मिळतो.