शेतावरील आगटी : हुरडा व पोपटी भाजताना घ्यावयाची काळजी

शेतावर उघड्यावर अन्न भाजण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. सोलापूरकडील हुरड्याची आगटी आणि रायगड जिल्ह्यातील पोपटी हे तिचे दोन सर्वपरिचित प्रकार होत. दोहोंचा हंगाम पौष-माघाचा. नेमके याच सुमारास बांधावरचे गवत वाळलेले असते आणि तुरीचे भूस, पेंढ्याच्या उडव्या, वैरणीच्या गंजी उघड्यावर रचलेल्या असतात. एका ठिणगीने जनावरांची वर्षाची वैरण जाण्यास वेळ लागत नाही. शिवाय आता शहरातील मंडळीही हुरड्यासाठी शेतावर येऊ लागल्याने एकीच्या जागी चार-पाच आगट्या पेटतात. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी हंगामापूर्वीच शेतकरी बंधूंच्या नजरेस आणाव्यात.

प्रथम जागेचा विचार. वारा गंजीकडून आगटीकडे वाहत असेल अशी जागा निवडावी. याच्या उलट कदापि नको. भोवतालचे गवत व पाचोळा चार-पाच हातांपर्यंत झाडून दूर करावा. आंब्याची किंवा चिंचेची सावली बसावयास चांगली, परंतु आगटीस वाईट. झाडाची अन्न शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात व ती उष्णतेने मरतात. मंडळींनी सावलीत बसावे, विस्तव उघड्यावर ठेवावा.

हातभर रुंद व वीतभर खोल खड्डा पुरे होतो. वरची माती बाजूस काढून ठेवावी, म्हणजे शेवटी ती जागच्या जागी घालता येते. काळी माती फार तापली की भाजून विटेच्या तुकड्यासारखी कठीण बनते आणि तिच्यातील सेंद्रिय द्रव्य जळून जाते. याकरिता दरवर्षी नवी जागा जाळण्यापेक्षा एकच ठरावीक जागा राखणे इष्ट.

जळण म्हणून शेणी उत्तम. सोबत तुराट्या किंवा पऱ्हाट्या चालतील. ओली फांदी तोडण्यात झाडाचे नुकसान तर होतेच, पण तिची बरीचशी उष्णता तिच्यातीलच पाणी आटविण्यात खर्ची पडून पदरात धूर तेवढा येतो. विस्तव पेटविण्यास प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा वापरतात, तो प्रकार सर्वथा वर्ज्य समजावा. तो विषारी धूर कणसांनाच लागतो. हुरड्यास ज्वाळा नको, निखारा व गरम राख हवी, हे जाणती माणसे सांगतातच. गुळभेंडी असो की फुले उत्तरा, कणीस फुफाट्यातच नीट भाजते.

काटकसरीच्या दृष्टीने मात्र पोपटी वरचढ म्हणावी लागेल. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरून वालाच्या शेंगा, मीठ व ओवा घालतात, पाल्यानेच तोंड गच्च बंद करतात आणि मडके पालथे ठेवून भोवती पालापाचोळा व काटक्या पेटवितात. पाणी लागत नाही, तेल लागत नाही, शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात. ज्या भांबुर्ड्यास आपण तण म्हणून उपटून टाकतो, तोच येथे चवीचा आधार ठरतो.

सर्वांत अधिक हयगय होते ती विस्तव विझविताना. निखाऱ्यांवर नुसती माती लोटून मंडळी घरी जातात. मातीखाली निखारा तासन् तास धुमसत राहतो आणि सायंकाळी वारा सुटला, किंवा कुत्र्याने माती उकरली, की उघडा पडतो. भेगाळलेल्या जमिनीत तर भेगेत घरंगळलेला निखारा दिसतही नाही. याकरिता आगटी पेटविण्यापूर्वीच पाण्याच्या दोन घागरी जवळ आणून ठेवाव्यात. पाणी शिंपडावे, काठीने राख ढवळावी, पुन्हा शिंपडावे. हाताची मागील बाजू राखेजवळ नेऊन ऊब लागत नाही अशी खात्री झाल्यावरच खड्डा बुजवावा.

थंड राखेचे काय करावे, हे जमिनीवर अवलंबून आहे. कोकणातील आम्लधर्मी जमिनीत ती परसातील वेलांना खुशाल घालावी. काळ्या जमिनी बहुधा मुळातच विम्लतेकडे झुकलेल्या असतात; तेथे एका जागी ढीग न करता ती पातळ विखरून द्यावी. ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी टाकू नये. भांडीही पाण्यापासून दूर, राखेने घासावीत व खरकटे पाणी झाडाच्या आळ्यात सोडावे.

जेवावयास पळसाच्या पत्रावळी घ्याव्यात. त्या थेट कंपोस्टच्या खड्ड्यात जातात. थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात २०१८ सालीच बंदी आली आहे.

शेत राखीव वनास लागून असल्यास अधिक सावध राहावे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ अन्वये राखीव वनात आग लावणे, तसेच वनास धोका पोचेल अशा रीतीने विस्तव पेटता सोडणे हा गुन्हा आहे. अशा शिवारात वाळल्या गवताच्या दिवसांत चूलच मांडू नये. घरून दशम्या व चटणी बांधून न्यावी.