नावाचा माणसावर परिणाम होतो काय?

१२ डिसेंबर १९५० या दिवशी बंगळूर येथे एका मराठी पोलीस शिपायाच्या घरी मुलगा जन्मास आला. रामोजीराव गायकवाड यांचे हे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील मावडी कडेपठार या गावचे. मुलाचे नाव शिवाजीराव असे ठेवण्यात आले. ज्या शहराची जहागीर सतराव्या शतकात शहाजीराजांकडे होती व जेथे शिवाजीमहाराजांच्या बालपणाचा काही काळ गेला, तेथील मराठी कुटुंबास हे नाव सुचावे यात नवल नाही. हा मुलगा पुढे बंगळूरच्या शहर बससेवेत कंडक्टर झाला आणि नंतर अभिनय शिकण्यासाठी मद्रासला गेला. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी १९७५ च्या 'अपूर्व रागंगळ' या तमिळ चित्रपटात त्यास भूमिका दिली. परंतु नावाची अडचण उभी राहिली. तमिळ चित्रसृष्टीत एक 'शिवाजी' आधीच होता. विळुप्पुरम चिन्नय्या गणेशन या तरुण नटाने सी. एन. अण्णादुराई यांच्या नाटकात छत्रपतींची भूमिका अशी काही वठविली होती, की पेरियार रामसामी यांनी त्याला 'शिवाजी' ही पदवीच बहाल केली आणि तीच त्याचे नाव होऊन बसली. तेव्हा बालचंदर यांनी आपल्या १९६६ सालच्या 'मेजर चंद्रकांत' या चित्रपटातील एका पात्राचे नाव या नव्या नटास दिले : रजनीकांत.

शिवनेरीच्या शिवाई देवीवरून पडले असे म्हणतात ते नाव एका राजास लाभले. राजावरून नाटकातील भूमिकेस, भूमिकेवरून एका तमिळ नटास. आणि त्या नटामुळेच एका मराठी माणसास ते सोडावे लागले. नावांचा प्रवास माणसांच्या प्रवासाहून लांबचा असतो, तो असा.

शिवाजीराव गायकवाड याच नावाने हा नट पडद्यावर आला असता, तर त्याची कीर्ती कमी झाली असती काय? या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या चरित्रावरून कधीच देता यावयाचे नाही, कारण तेच आयुष्य दुसऱ्या नावाने पुन्हा जगून पाहता येत नाही. नावाची अक्षरे मोजून अथवा त्यांत एखादे अक्षर वाढवून भाग्य पालटून देणारे लोक नेमकी हीच गोष्ट विसरतात किंवा विसरल्यासारखे करतात. ज्यास उत्तर हवे असेल, त्याने एक नव्हे तर शेकडो माणसे पाहिली पाहिजेत, आणि नावाखेरीज बाकीच्या गोष्टी सारख्या असतील अशी काही तजवीज केली पाहिजे. अशी तजवीज निसर्गतःच किंवा लोकरूढीने एखाद्या ठिकाणी झालेली आढळते. तसे एक ठिकाण म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील अशांती लोकांचा प्रदेश.

या लोकांत मूल ज्या वारी जन्मते त्या वाराचे नाव त्यास मिळते. सोमवारी जन्मलेला मुलगा क्वाद्वो, बुधवारी जन्मलेला क्वाकू. सोमवारचे मूल शांत व भिडस्त आणि बुधवारचे तापट व भांडखोर अशी तेथील समजूत आहे. गुस्ताव यहोदा या मानसशास्त्रज्ञाने कुमासी येथील बालगुन्हेगार न्यायालयाची दप्तरे तपासून १९५४ मध्ये आपला लेख प्रसिद्ध केला. मारामारीसारख्या, माणसांविरुद्धच्या गुन्ह्यांत बुधवारची मुले त्यांच्या वाट्याहून अधिक दिसली; सोमवारच्या मुलांची नोंद एकंदरीतच कमी होती. आता बुधवारी कोणी जन्मावे हे गरिबी, घराणे किंवा शिक्षण यांवर अवलंबून नसते. म्हणून या निरीक्षणास विशेष किंमत आहे. तथापि संख्या लहान होती, आणि यहोदा यांनी स्वतःही जपूनच निष्कर्ष मांडला. त्यांचे म्हणणे असे नव्हे, की 'क्वाकू' या ध्वनीत काही तापटपणा आहे. मुलगा भांडला की आईबाप, शेजारी व सवंगडी म्हणतात, "बुधवारचाच तो!" हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलेला मुलगा स्वतःकडे कोणत्या दृष्टीने पाहू लागेल, एवढाच प्रश्न.

एखादी गोष्ट घडणार असे सर्वांनी मानले, की त्या मानण्यानेच ती घडू लागते. या प्रक्रियेस 'स्वतःस खरे करणारे भाकीत' असे म्हणता येईल. ही कल्पना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये मांडली. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, स्थलांतरित ज्यू कुटुंबातील या पंडिताचे जन्मनाव मेयर श्कोल्निक असे होते. किशोरवयात जादूचे प्रयोग करताना घेतलेल्या रंगमंचीय नावावरून त्यांचे हे दुसरे नाव सिद्ध झाले.

शाळेत हे भाकीत कसे चालते याचा एक साधा प्रयोग हरारी व मॅकडेव्हिड या दोघांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांनी लिहिलेले निबंध शिक्षकांकडे तपासण्यास देण्यात आले. मात्र त्यांवर नावे घातली ती संशोधकांनी स्वतः, वाटेल तशी. काही निबंधांवर डेव्हिड, लिसा यांसारखी त्या काळी लोकप्रिय असलेली नावे होती, तर काहींवर एल्मर, बर्था अशी जुनाट व अप्रिय वाटणारी. तोच निबंध डेव्हिडच्या नावावर असता अधिक गुण मिळवी आणि एल्मरच्या नावावर असता कमी. गंमत अशी की, हा दोष अनुभवी शिक्षकांत ठळक होता. आपल्याकडे शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बैठक क्रमांक लिहावयाचा असतो. मुलांना तो एक कोरडा नियम वाटतो; त्यामागील शहाणपण या प्रयोगावरून ध्यानी येते.

नाव पाहून केलेला पक्षपात गुणांवर थांबत नाही. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी आपल्या देशातील मोठ्या इंग्रजी दैनिकांतील नोकरीच्या जाहिराती निवडून खाजगी कंपन्यांकडे हजारो अर्ज पाठविले. सारखीच पात्रता असलेल्या अर्जांपैकी काहींवर उच्चवर्णीय हिंदू, काहींवर दलित व काहींवर मुस्लिम नाव असे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की उच्चवर्णीय नावाच्या अर्जाशी तुलना करता दलित नावाच्या अर्जास पुढील बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश होता, आणि मुस्लिम नावाच्या अर्जास सुमारे एक-तृतीयांशच. येथे उमेदवाराचा स्वभाव बदललेला नाही. उमेदवार तर खराही नव्हता. बदलली ती वाचणाऱ्याची दृष्टी. मराठी माणसाची जात बहुधा आडनावावरून ताडली जाते. बंगळूरकडे आडनावाची सक्ती नाही. गावाचे व बापाचे आद्याक्षर पुढे लावून काम भागते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे 'मो' हे एका गावाचे नाव आहे. अशा पद्धतीत जात थोडी झाकली जाते खरी, पण पाहणारा चाणाक्ष असला तर मूळ नावातच त्याला हवे ते सापडते.

या विषयात जे जे चमत्कारिक सांगितले गेले ते सर्वच टिकले असे मात्र नाही. माणसास आपल्या नावातील अक्षरे इतरांपेक्षा अधिक आवडतात, हे बेल्जियमच्या योझेफ नुटिन यांनी १९८५ मध्ये दाखविले. त्यावर इमारत रचून ब्रेट पेलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये असे प्रतिपादिले, की माणूस धंदा व गावसुद्धा आपल्या नावाशी जुळणारे निवडतो. इंग्रजीत दंतवैद्यास 'डेंटिस्ट' म्हणतात, म्हणून डेनिस नावाची माणसे त्या धंद्यात प्रमाणाहून जास्त. वृत्तपत्रांस हे फार आवडले. उरी सायमनसन यांनी २०११ मध्ये त्यातील चूक दाखविली. नावांचीही पिढी असते. एका काळी डेनिस हे नाव प्रचारात होते, आणि त्या पिढीचे लोक त्या त्या वयात निरनिराळ्या धंद्यांत असणारच. आपल्याकडे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या रांगेत पांडुरंग पुष्कळ आढळतील व पहिलीच्या वर्गात क्वचितच. म्हणून पांडुरंग या नावाने माणूस लवकर म्हातारा होतो असे कोणी म्हणत नाही.

याउलट, ऐकताच अविश्वास वाटावा असा एक निष्कर्ष अद्याप उभा आहे. नाव चेहऱ्यावर उमटते! इस्रायलमधील योनात झ्वेब्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अनोळखी माणसांची छायाचित्रे दाखवून, दिलेल्या काही नावांतून खरे नाव ओळखण्यास सांगितले. लोकांनी निव्वळ अंदाजाने साधले असते त्याहून अधिक वेळा ते ओळखले. मात्र इस्रायली माणसांस फ्रेंच चेहऱ्यांची, किंवा फ्रेंचांस इस्रायली चेहऱ्यांची नावे ओळखता आली नाहीत. २०२४ मध्ये त्यांनी लहान मुलांचे चेहरे घेतले, तेव्हा हा परिणाम नाहीसा झाला. यावरून चेहरा पाहून नाव ठेवले जाते ही शंका फिटते. नावाची समाजात जी प्रतिमा असते तिच्याकडे माणूस वाढता वाढता, केसांच्या ठेवणीने, हसण्याने, वागण्याने झुकत जातो असे दिसते.

आपल्याकडे मुद्दाम वाईट नाव ठेवण्याचीही रीत आहे. मुले दगावत असलेल्या घरात नव्या बाळास दगडू, धोंडू, केरू म्हणावयाचे, म्हणजे त्याच्यावर काळाची नजर पडणार नाही. कानडीतही 'गुंडु' म्हणजे वाटोळा धोंडा, आणि त्यावरून गुंडप्पा. बंगळूरमध्ये १९४५ साली गोखल्यांच्या नावाने सार्वजनिक कार्याची संस्था स्थापणारे कवी डी. व्ही. गुंडप्पा आणि स्त्रियांचे विद्यापीठ स्थापणारे धोंडो केशव कर्वे यांची नावे अर्थाने सख्खी भावंडेच होत. दगडाच्या नावाने दोघांचेही काही अडले नाही. कारण या नावामागे मूल जगावे ही आस असते, आणि ती ऐकणाऱ्यासही कळते. बंगळूरजवळ बिडदीच्या बाजूस भद्रापूर येथे हक्की-पिक्की समाजाची वस्ती आहे. पूर्वी पाखरे धरून हिंडणाऱ्या या लोकांत सुप्रीम कोर्ट, कॉफी, म्हैसूरपाक, गूगल अशी नावे ठेवलेली आढळतात. परक्यास हसू येते. पण आईबापांच्या कानांवर जे काही मोठे, गोड किंवा नवे आले ते त्यांनी मुलास देऊन टाकले, आणि शेजारच्या मुलाचेही नाव तसेच असल्याने वस्तीत कोणी कोणास हसत नाही.

'नकुशी' या नावाची गोष्ट अगदी निराळी आहे. मुलींवर मुली झाल्या, की शेवटच्या मुलीस हे नाव द्यावयाचे, म्हणजे पुढे मुलगा होतो अशी समजूत. येथे काळाला फसवावयाचे नसते. जे म्हणावयाचे तेच म्हटलेले असते. धोंडूस आई हाक मारते तेव्हा धोंडा तिच्या मनात नसतो. नकुशीस हाक मारली की तिला नको होती हे तिला, आणि हजेरी घेताना साऱ्या वर्गाला, रोज नव्याने सांगितले जाते. अशांती मुलास भांडण झाले तरच बुधवार ऐकावा लागे. या मुलीस त्यासाठी काहीच करावे लागत नाही.

सातारा जिल्ह्यात अशा नावाच्या मुलींचा शोध घेण्यात आला, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा येथे २८५ मुलींचे एकाच समारंभात नव्याने नामकरण झाले. कोणी सावित्री हे नाव घेतले, कोणी वैशाली, कोणी चित्रपटतारकेवरून ऐश्वर्या. नवे नाव लिहिलेले प्रमाणपत्र प्रत्येकीच्या हाती देण्यात आले.