आधी वारा पाहायचा

अकोल्याच्या एमआयडीसीत एका जिनिंगच्या फाटकावर एक रखवालदार काका रात्रपाळी करतात. मी गेलो तेव्हा दोन वाजत आले होते. काठी भिंतीला टेकवलेली, रजिस्टर उघडं आणि शर्टाच्या खिशात पोरीनं आणून दिलेला मिरचीचा स्प्रे. बोटभर लांबीचा डबा, नारिंगी खटक्याचा.

“एकडाव मारून पाह्यला भाऊ. वारा उल्टा होता, समदा मायाच डोयात.”

तेव्हापासून ते फाटकावरच्या दिव्याखाली उडणारं रुईचं तूस बघतात. तूस जिकडे, वारा तिकडे.

हा डबा जवळ ठेवायला शस्त्रपरवाना लागत नाही. पण वर्दी चढवली म्हणून रक्षकाला तुमच्याआमच्यापेक्षा तसूभरही जास्त अधिकार मिळत नाही, हे काकांना कोणी सांगितलंच नव्हतं. खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा 2005 चा. त्याखालच्या नियमांत नव्या रक्षकासाठी 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष असं शिक्षण आहे, आणि त्यात स्वसंरक्षणाचा हक्क हा विषयही आहे. काकांच्या वाट्याला एक दुपार आली.

भारतीय न्याय संहितेचं कलम 37 सांगतं की बचावासाठी लागेल तेवढीच इजा करता येते, आणि पोलिसांना बोलवायला सवड असेल तर हा हक्कच उरत नाही. चोर माल टाकून पळत सुटला आणि गाठून त्याच्या डोळ्यांत फवारा मारला, तर गुन्हा रक्षकावर दाखल होऊ शकतो. मिरचीचा फवारा घातक शस्त्र ठरू शकतो, असं कर्नाटक उच्च न्यायालयानं 2024 मध्ये म्हटलं आहे. चोराला पकडून ठेवलं तरी सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं.

सणासुदीला आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात. त्यांत काठ्या येतात, आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू येते. त्या दिवसांत डबा खिशात घालून ड्युटीवर यायचं की नाही, हे काकांनी कोणाला विचारायचं? माझ्या मते एजन्सीनं हे लेखी द्यायला हवं. स्प्रे द्यायचा की नाही, कधी वापरायचा, पोलिसांना फोन कोण करणार, सगळं. बारा तास उभं राहणाऱ्या माणसावर हा निर्णय ढकलणं अन्याय आहे.

अमरावतीत एका दवाखान्याच्या दारावरच्या रक्षकानं तर स्प्रे घरीच ठेवलाय. रात्री नातेवाईक अंगावर येतात, पण बंद वॉर्डात फवारा मारला तर आधी पेशंट खोकणार. “म्या हात जोडतो,” तो म्हणाला, “अन् चौकीत फोन लावतो.”

अकोल्यात तेवढ्यात कापसाचा ट्रक हॉर्न देत आला. काका उठले. टॉर्च त्यांनी ड्रायव्हरच्या तोंडावर मारला नाही, नंबर प्लेटवर मारला, आणि रजिस्टरात वेळ टाकली.