दोन शब्दांचे सिंहासन

लंडनमधील इनर टेंपल या जुन्या वकीलसंस्थेच्या ग्रंथसंग्रहात एक खाडाखोड केलेला कागद जतन करून ठेविला आहे. इंग्लंडचा राजा सहावा एडवर्ड याने, वयाच्या सोळाव्या वर्षात, फुप्फुसांच्या दुखण्याने जर्जर होत चाललेला असताना, आपल्यामागे गादी कोणाकडे जावी याची तजवीज त्यावर स्वहस्ते लिहिली आहे. प्रथम त्याने लिहिले होते की, राज्य लेडी जेन ग्रे हिच्या पुत्रवारसांकडे जावे. परंतु जेनला पुत्र नव्हता, तिच्या बहिणींनाही नव्हता, आणि मृत्यू पुत्रजन्माची वाट पाहणारा नव्हता. तेव्हा एक अक्षर खोडून आणि ओळीच्या वर दोन शब्द घालून तो मजकूर ‘जेनकडे आणि तिच्या पुत्रवारसांकडे’ असा करण्यात आला. तलवारीने मिळविलेली राज्ये इतिहासात पुष्कळ आहेत. ओळीच्या डोक्यावर चढविलेल्या दोन शब्दांनी सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या पदरात पडलेले राज्य मात्र विरळाच.

या तंट्याचे मूळ आठव्या हेन्रीच्या संसारात आहे. मेरी आणि एलिझाबेथ या आपल्या दोन्ही मुलींना त्याने त्यांच्या मातांशी झालेल्या विवाहांबरोबरच रद्दबातल केले होते. पुढे १५४४ च्या कायद्याने, अनौरसपणाचा तो शिक्का न पुसताच, त्यांना एडवर्डच्या मागे वारसाक्रमात पुन्हा बसविले आणि त्यापुढील व्यवस्था मृत्युपत्राने करण्याची मुखत्यारी संसदेने हेन्रीला दिली. ३० डिसेंबर १५४६ च्या मृत्युपत्रात हेन्रीने, स्कॉटलंडच्या राजाला दिलेली थोरली बहीण मार्गारेट हिच्या वंशाचे नावही न घेता, धाकट्या बहिणीच्या वंशाला एलिझाबेथच्या मागे जागा दिली. जेन ही त्या धाकट्या बहिणीची नात. म्हणजे जेनचा हक्क अगदीच निराधार नव्हता. तो रांगेत मागे होता, आणि एडवर्डच्या कागदाने तिला रांग मोडून पुढे आणले एवढेच.

एडवर्ड हा कट्टर प्रॉटेस्टंट आणि मेरी तितकीच कट्टर कॅथलिक. तिच्या हाती राज्य गेल्यास धर्मसुधारणा धुळीस मिळणार ही त्याची धास्ती खरी होती. राज्याचा कारभारी, नॉर्थम्बरलंडचा ड्यूक जॉन डड्ली, याने मे १५५३ मध्ये आपला मुलगा गिल्फर्ड याचे लग्न जेनशी लावून दिले होते, ही गोष्टही तितकीच खरी. ही मसलत आजारी राजाची की महत्त्वाकांक्षी कारभाऱ्याची, यावर इतिहासकारांचा वाद अद्याप मिटलेला नाही. कायद्याचा पेच मात्र त्याच वेळी उघड्यावर आला होता. संसदेने केलेला कायदा संसदेनेच फिरवावा, अल्पवयीन राजाच्या सनदेने तो फिरत नाही, आणि संसदेने ठरविलेला वारसाक्रम बदलू पाहणे हा तर राजद्रोह, असे सरन्यायाधीश एडवर्ड माँटेग्यू याने स्पष्ट बजावले. परंतु राजाज्ञेपुढे मान तुकविताना त्याने स्वतःपुरती आगाऊ माफी मात्र लिहून मागितली. २१ जून रोजी सनद तयार झाली आणि तिच्यावर शंभराहून अधिक मातबर असामींच्या सह्या पडल्या; न्यायाधीश जेम्स हेल्स याने मात्र सही केली नाही. पुढे संसद बोलावून सनदेला मान्यता घ्यावयाची असा बेत होता. तो बेत पार पडण्यापूर्वीच ६ जुलैला ग्रीनिचच्या राजवाड्यात एडवर्डचे देहावसान झाले.

आता घड्याळाकडे लक्ष द्यावे, कारण साऱ्या प्रकरणाची कळ तेथे आहे. राजाच्या भेटीस येण्याचा निरोप मेरीला गेला होता. परंतु ती लंडनकडे न वळता ४ जुलैच्या सुमारास हन्सडनहून निसटली आणि पूर्वेकडे नॉरफोकमधील आपल्या जहागिरीच्या मुलखात केनिंगहॉलला पोहोचली. तिला धरण्यासाठी ड्यूकचा मुलगा रॉबर्ट स्वार घेऊन धावला, तो उशिरा. १० जुलैला जेन लंडनच्या टॉवर किल्ल्यात दाखल झाली आणि लंडनात तिच्या नावाची द्वाही फिरली. लोकांनी ती मुकाट्याने ऐकली, आणि मेरीचाच हक्क खरा असे बोलून दाखविणाऱ्या गिल्बर्ट पॉटर नावाच्या खानावळीतील पोऱ्याचे कान दुसऱ्या दिवशी छाटण्यात आले. तिकडे मेरी फ्रामलिंगहॅमच्या किल्ल्यात बसली होती. सरदार, शेतकरी, गावोगावचे लहान जमीनदार तिला रुजू होत होते, आणि तिची वाट अडविण्यासाठी पाठविलेल्या जहाजांवरील खलाशीही फितून तिच्याकडे गेले. ड्यूक फौज घेऊन राजधानीबाहेर पडताच मागे राहिलेल्या मंत्रिमंडळाचा धीर सुटला. १९ जुलैला त्यांनीच मेरीच्या नावाची द्वाही फिरविली, आणि टॉवरमधील राणी त्याच टॉवरमध्ये कैदी झाली.

हा निकाल अटळ होता काय? सम्राट पाचव्या चार्ल्सचे जे वकील त्या दिवसांत लंडनात होते, त्यांना तरी तसे वाटत नव्हते. मेरी ही त्यांच्या धन्याची मावसबहीण असूनही तिची बाजू बुडाली असेच ते धरून चालले होते. समजा, ४ जुलैला हन्सडनभोवती पहारा असता. नजरकैदेतील मेरीकडे रुजू व्हायला कोणी गेले नसते, आणि शरद ऋतूत जमलेल्या संसदेने जे घडले त्यावर मोर्तब केले असते, कारण मुकुट डोक्यावर बसल्यानंतर त्याच्या विरोधात ठराव करणारी संसद ट्यूडर काळात सापडत नाही. मग स्पेनच्या फिलिपशी मेरीचा विवाह नाही. त्या विवाहापायी ओढवलेले फ्रान्सशी युद्ध नाही, म्हणून १५५८ च्या जानेवारीत कॅले हे फ्रान्समधील इंग्रजांचे ठाणे गमावणे नाही. आणि मेरीच्या राज्यात धर्मापायी जिवंत जाळलेली सुमारे २८० माणसे आपापल्या अंथरुणावर मरण्याची शक्यता पुष्कळ. जेन सासऱ्याच्या हातचे बाहुले झाली असती, असेही मानण्याचे कारण नाही. प्लेटोचा संवाद मुळातून ग्रीकमध्ये वाचणाऱ्या या मुलीने राणी होताच पहिला नकार दिला तो सासरच्या मंडळींना: गिल्फर्डला ड्यूक करीन, राजा करणार नाही. त्या नकारातून पेटणाऱ्या सासू-सुनेच्या कलहातूनच पुढचे राजकारण उभे राहिले असते.

तथापि या कल्पनेला एक मर्यादा आहे, आणि ती त्याच वर्षी टेम्स नदीतून वाहत गेली. मे १५५३ मध्ये विलोबी आणि चॅन्सेलर यांची तीन जहाजे ईशान्य समुद्रातून चीनची वाट शोधावयास निघाली. २४० भागधारकांनी प्रत्येकी २५ पौंड घालून ६,००० पौंडांचे भांडवल उभे केले होते, आणि जहाजांवर पूर्वेकडील राजेरजवाड्यांच्या नावे एडवर्डचे खलिते होते. ग्रीनिचच्या वाड्यावरून जाताना तोफांची सलामी झाली. दरबारी मंडळी धावत बाहेर आली, राजा तेवढा दुखण्यामुळे येऊ शकला नाही. चॅन्सेलर झार इव्हानच्या मॉस्कोत पोहोचला, तेव्हा खलिता लिहिणारा राजा थडग्यात होता. तरी व्यापाराचे काही अडले नाही, आणि १५५५ मध्ये त्याच व्यापाऱ्यांना कंपनीची सनद दिली ती मेरीने. एडवर्डने ज्या बहिणीला गादीवर येऊ देऊ नये म्हणून प्राणांतिक धडपड केली, तिनेच त्याचे समुद्रावरचे काम पुढे नेले. जेन राणी झाली असती तरी तेच झाले असते. व्यापारी भांडवलाला वारसाची चिंता नव्हती. ते ज्याचा शिक्का असेल त्याची सनद घेई.

जेनचा शिरच्छेद १२ फेब्रुवारी १५५४ रोजी झाला. मेरीने तिला बराच काळ जिवंत ठेविले होते. परंतु मेरीविरुद्ध उठलेल्या वायटच्या बंडात जेनचा बाप सामील झाला आणि मुलीचे आयुष्य संपले. हेन्रीच्या मृत्युपत्राप्रमाणे तिच्यामागून हक्क गेला तिची बहीण कॅथरीन हिच्याकडे. हिने एलिझाबेथच्या परवानगीवाचून लग्न केले म्हणून ती कैदेत पडली आणि तिचे मुलगे अनौरस ठरले. १६०३ मध्ये एलिझाबेथ वारली तेव्हा मृत्युपत्र तेच होते, कायदाही तोच होता, आणि कॅथरीनचा मुलगा हयातही होता. परंतु गादीवर आला तो मार्गारेटचा पणतू, स्कॉटलंडचा जेम्स स्ट्युअर्ट, आणि फ्रामलिंगहॅमच्या वाटेने कोणीही गेले नाही. ज्या कायद्यासाठी १५५३ मध्ये खलाशांनी आपल्या अधिकाऱ्यांविरुद्ध मान वर केली, तोच कायदा पन्नास वर्षांनी कोणाला आठवला नाही. कायदा मेरीच्या बाजूने होता म्हणून ती जिंकली, हे अर्धे सत्य. उरलेले अर्धे हे की, वेळेवर घोड्यावर बसणारा धनी त्या कायद्याला मिळाला होता.

जेम्सचा नातू दुसरा चार्ल्स याला १६६१ च्या तहाने पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर आंदण म्हणून मुंबईचे बेट मिळाले, आणि १६६८ मध्ये त्याने ते वार्षिक १० पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. इंग्रज या किनाऱ्यावर कोणत्या तरी मार्गाने आले असतेच. सुरतेची वखार त्याआधीच होती. परंतु आपल्या मुंबईच्या कागदोपत्री जे पहिले इंग्रज राजाचे नाव आहे, ते ज्या घराण्याचे, त्याला हेन्रीच्या मृत्युपत्रात एक ओळही मिळाली नव्हती. आणि ज्या घराण्यासाठी एडवर्डने ओळीच्या वर दोन शब्द लिहिले, त्याचा त्या कागदांत मागमूसही नाही.