उन्हातली जागा कोणाची?

कासवाचे शरीर स्वतःचे तापमान स्वतः राखू शकत नाही. अन्न पचण्यासाठीही त्याला ऊन लागते. म्हणून तळ्यातला खडक किंवा ओंडका ही कासवाची मोलाची जागा. 'रेड-इअर्ड स्लायडर' हे परदेशी कासव नेमकी तीच बळकावते. मूळचे ते अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्यातले; डोळ्यामागचा लाल पट्टा ही त्याची खूण. शोभेच्या टाकीसाठी ते जगभर विकले गेले आणि मोठे झाल्यावर तळ्यांत सोडले गेले. २०२० मध्ये ते गुवाहाटीजवळच्या दीपोर बील या पाणथळ जागी आढळले. फ्रान्समधील प्रयोगांत त्याच्या सहवासात स्थानिक कासवांना उन्हाच्या चांगल्या जागा सोडाव्या लागल्या. त्यांचे वजनही घटले.

त्याला पकडण्याचा उपायही उन्हावरच बेतलेला आहे. तरंगत्या चौकटीला उतरत्या फळ्या आणि मध्ये जाळी लावतात. ऊन खाऊन कासव आत उतरले, की त्याला पुन्हा वर चढता येत नाही. कासवे फुफ्फुसांनी श्वास घेतात, म्हणून जाळीची वरची बाजू पाण्याबाहेर उघडी ठेवतात. स्थानिक कासव सापडल्यास लगेच सोडून देतात. मात्र लहान पिल्ले आणि काठच्या मातीतली अंडी सुटतात. त्यामुळे बंदिस्त तळे चिकाटीने साफ करता येते, वाहती नदी जवळजवळ अशक्य.

कोरेगावचे उदाहरण घेऊ. तालुक्यातील वसना नदी कृष्णेला मिळते. कृष्णेच्या खोऱ्यात लीथचे मऊ पाठीचे कासव राहते. भारतीय द्वीपकल्पाबाहेर ते आढळत नाही. येथे ओढ्यात सोडलेले परके कासव साऱ्या खोऱ्यात पोहोचू शकते. म्हणून आम्ही शिक्षकांना सुचवू, की नियंत्रणाची सुरुवात वर्गातच करावी: नकोसे झालेले कासव पाण्यात सोडू नये, वनविभागाला कळवावे.