गरम होणं आणि मिसिंग: आजार एकच असू शकतो

वणी तालुक्यातलं राजूर हे कोळशाच्या खाणीचं आणि चुनाभट्ट्यांचं गाव. मे महिन्यात या पट्ट्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि त्याच उन्हात जुन्या डिझेल पिकअप माल भरून धावतात. गाडी गरम झाली की रेडिएटर धुतला जातो, मिसिंग करू लागली, म्हणजे इंजिन अडखळू लागलं, की नोझल काढलं जातं. दोन तक्रारींवर दोन वेगळे इलाज होतात, पैसे दोनदा जातात आणि गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहते. म्हणून जुन्या गाडीच्या या दोन तक्रारी आधी एकत्र तपासाव्यात आणि पाना नंतर हातात घ्यावा.

याचं कारण इंजिनाच्या रचनेतच आहे. हेड गॅस्केट एका बाजूला सिलिंडरमधला जळता वायू अडवतं आणि दुसऱ्या बाजूला कूलंटचं पाणी. ते या दोहोंच्या मध्ये फुटलं, की वायू पाण्यात घुसतो, पाणी बाहेर ढकललं जातं आणि इंजिन तापतं. गाडी रात्रभर उभी असताना तेच पाणी सिलिंडरमध्ये झिरपतं. मग सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन अडखळतं आणि पांढरा धूर सोडतं. अशा वेळी वरून दोन दिसणारे आजार मुळात एकच असतात.

खुणा वाचायलाही फारसा खर्च येत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट करावं. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर गॅस्केटचा संशय बळावतो. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही उघडू नये, कारण आतलं पाणी प्रेशर कुकरसारखं दाबाखाली असतं आणि उसळून अंग भाजतं. बुडबुडे नसतील, तर गाडी कधी तापते ते पाहावं. उभी असताना तापते आणि पळताना निवते, तर फॅन किंवा बेल्टकडे बघावं. चढावर किंवा माल भरल्यावरच तापत असेल, तर रेडिएटर चोंदल्याची किंवा पंप अशक्त झाल्याची शक्यता मोठी. इथे कोळशाची धूळ जाळीत बाहेरून बसते आणि चुनखडीच्या भागातलं जड बोअरचं पाणी आतून क्षार धरतं. मिसिंगसाठी जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात कुशल मेकॅनिक नोझलच्या पाइपाचा नट एकेक करून किंचित सैल करतो. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाज बदलत नाही, दोष तिथे. कॉमन रेल इंजिनात हा प्रयोग जिवावर बेतू शकतो, कारण तिथे डिझेलचा दाब शेकडो बार असतो.

काहींचं म्हणणं असतं, विदर्भाच्या उन्हात थर्मोस्टॅट हवाच कशाला, काढून टाकला की गाडी थंड. हे सोयीचं वाटतं, आणि बंद अडकलेला काढल्यावर गाडी खरोखर निवतेही. पण चांगला थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडतो आणि मग पाण्याला मोकळी वाट देतो. तो दोषी नसेल तर काढून मूळ रोग तसाच राहतो, शिवाय थंडीत इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त जळतं आणि झीज वाढते. बिघडला असेल तर नवा बसवावा. दुसरा आक्षेप वेळेचा: भाडं थांबतं, तपासत कोण बसणार? पण बुडबुडे पाहायला काही मिनिटं लागतात. तापलेलं हेड वाकलं, तर ते उतरवून फेस मारेपर्यंत गाडी कितीतरी दिवस उभी राहते. पिकअपवर ज्याचं घर चालतं, त्याला तपासणीची ती काही मिनिटंच परवडतात.