संगणक चित्रें साठवीनासा झाला तर काय करावें?

शेतीच्या कामांत चित्राचा उपयोग किती होतो हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पानावर पडलेला ठिपका करप्याचा आहे कीं अन्नद्रव्याची उणीव दाखविणारा आहे, हें चित्राशीं ताडून पाहिलें म्हणजे लवकर उमगतें. म्हणून कृषि विद्यापीठांनीं प्रसिद्ध केलेलीं रोगकिडींचीं चित्रें, हवामानखात्याचीं ढगांचीं चित्रें, सुधारलेल्या अवजारांचे आराखडे, असें जें जें कामाचें दिसेल तें तें इंटरनेटवरून उतरवून आपल्या संगणकांत ठेवण्याची चाल पुष्कळ शेतकरी बंधूंनीं पाडली आहे, व ती स्तुत्य आहे. परंतु एखाद्या दिवशीं असें होतें कीं, पान उघडतें, चित्र डोळ्यांपुढें दिसतें, आणि तें साठवावयास गेलें म्हणजे कांहीं केल्या साठत नाहीं. अशा वेळीं दोष नेमका कोठें आहे हें कसें शोधावें, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

ही अडचण वरवर पाहतां क्षुल्लक वाटते, पण ती तशी नाहीं. इन्सॅट-३डीआर हा उपग्रह ८ सप्टेंबर २०१६ रोजीं व इन्सॅट-३डीएस हा १७ फेब्रुवारी २०२४ रोजीं सोडण्यांत आला. अशा उपग्रहांनीं टिपलेलीं ढगांचीं चित्रें हवामानखात्याच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळतात. परंतु ताजें चित्र आलें कीं आधींचें त्या जागीं राहत नाहीं. ज्या दिवशीं गारा पडल्या त्या दिवसाचें चित्र त्याच दिवशीं उतरवून घेतलें नाहीं, तर पुढें तें त्या पानावर सांपडेल असा भरंवसा धरतां येत नाहीं. शिवाय २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आंत द्यावी लागते. अशा घाईच्या वेळीं संगणक अडून बसला, तर दोन दिवस दुरुस्तीवाल्याची वाट पाहण्यास सवड कोणास असणार?

आमच्या एका सभासदांचा अनुभव ह्या बाबतींत बोलका आहे. त्यांच्या संगणकावर एका संकेतस्थळावरील चित्रें साठेनाशीं झालीं. दुरुस्ती करणाऱ्यानें संगणक पुसून नव्यानें बसविला पाहिजे असें सांगितलें, व त्याप्रमाणें केलें. त्यांत बागेच्या तीन हंगामांचीं चित्रें गेलीं. घरीं येऊन त्यांनीं तेंच पान उघडलें, तों चित्र पूर्वीप्रमाणेंच साठेना! दोष संगणकांत नव्हता. तो त्या पानाच्या रचनेंत होता. दुसऱ्या एखाद्या पानावरचें चित्र साठवून पाहिलें असतें, तर ही गोष्ट एका मिनिटांत कळली असती. रोग ओळखल्यावांचून औषध फवारण्याचा हा प्रकार झाला.

चित्र साठतें कसें?

दोष शोधण्यापूर्वीं साठवणीची क्रिया समजून घ्यावी. चित्र मूळ दूरच्या संगणकावर असतें. आपण पान उघडलें म्हणजे ब्राउझर तें चित्र आणून आपल्या तात्पुरत्या सांठ्यांत ठेवतो व पडद्यावर दाखवितो. आपण माऊसचें उजवें बटण दाबून ‘सेव्ह इमेज ॲज’ असा हुकूम केला म्हणजे तो तें आपण दाखविलेल्या फोल्डरांत, दिलेल्या नांवानें, डिस्कवर लिहितो. शेतांतलें धान्य खळ्यावर येणें आणि खळ्यावरचें कणगींत पडणें ह्या जशा दोन निराळ्या गोष्टी आहेत, तसेंच चित्र दिसणें व चित्र साठणें ह्यांचें आहे. चित्र दिसत आहे एवढ्यावरून पुढचें सर्व ठीक आहे असें मानूं नये.

आधीं चार परीक्षा

कोणतीही मांडणी बदलण्यापूर्वीं पुढील चार परीक्षा क्रमानें कराव्या. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, म्हणजे फरक कशानें पडला तें निश्चित कळतें.

(१) दुसऱ्या संकेतस्थळावरचें एखादें साधें चित्र साठवून पाहावें. तें साठलें, तर दोष पहिल्या पानांत आहे.

(२) तेंच चित्र नेहमींच्या फोल्डराऐवजीं डेस्कटॉपवर साठवावें. तेथें साठलें, तर दोष फोल्डरांत किंवा त्याच्या परवानगींत आहे.

(३) नोटपॅड उघडून दोन ओळी लिहाव्या व त्या नेहमींच्या फोल्डरांत साठवाव्या. त्याही साठल्या नाहींत, तर दोष चित्राचा अगर इंटरनेटचा नव्हे. डिस्कचा किंवा फोल्डराचा आहे.

(४) दुसऱ्या ब्राउझरनें प्रयत्न करावा. क्रोमनें होत नाहीं व एज किंवा फायरफॉक्सनें होतें, असें दिसलें तर दोष ब्राउझरांत आहे.

ह्याबरोबरच ‘कंट्रोल’ व ‘जे’ हीं बटणें एकत्र दाबून ब्राउझरची उतरविलेल्या वस्तूंची यादी पाहावी. कित्येक वेळां चित्र साठलेलें असतें, पण भलत्याच फोल्डरांत. आणि साठलें नसल्यास जागा संपली, परवानगी नाहीं, असें कारणही तेथें लिहिलेलें आढळतें.

डिस्क व फोल्डर

डिस्क भरणें हें अगदीं साधें कारण असून तेंच पुष्कळदां लक्षांत येत नाहीं. ‘धिस पीसी’ उघडलें म्हणजे प्रत्येक डिस्कवर किती जागा उरली तें दिसतें. जागा फार थोडी उरली असल्यास तेथील पट्टी तांबडी होते. पुसलेल्या वस्तू ‘रिसायकल बिन’मध्यें पडून राहतात व ती रिकामी करीपर्यंत जागा अडवितात, म्हणून प्रथम ती तपासून रिकामी करावी. सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ ह्या सदरांत तात्पुरत्या फाईली काढून टाकण्याची सोय आहे. परंतु तेथील यादींत ‘डाउनलोड्स’ असेंही एक नांव असतें. त्यापुढें खूण केल्यास आपण उतरवून ठेवलेलीं चित्रेंच पुसलीं जातात. ही खूण राहिली नाहीं ना, हें दोनदां पाहावें.

दुसरें कारण साठवणीचें ठिकाण नाहींसें होणें हें होय. कोणी एकदां पेन ड्राइव्हवर चित्रें साठविण्याची मांडणी करतो, पुढें पेन ड्राइव्ह काढून नेतो, आणि ब्राउझर मात्र तेंच ठिकाण शोधीत राहतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्यें ‘डाउनलोड्स’ ह्या सदराखालीं ठिकाण लिहिलेलें असतें, तें अस्तित्वांत आहे कीं नाहीं हें पाहून बदलावें. प्रत्येक वेळीं ठिकाण विचारण्याची सोयही तेथेंच आहे; ती चालू ठेवलेली बरी.

तिसरें कारण पहारेकऱ्याचें. खंडणीसाठीं फाईली कुलुपबंद करणाऱ्या प्रोग्रॅमांपासून संरक्षण म्हणून मायक्रोसॉफ्टनें २०१७ च्या ऑक्टोबरांत विंडोज १० मध्यें ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही सोय घातली. ती चालू असतां, विश्वासाच्या यादींत नसलेल्या प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स इत्यादि फोल्डरांत लिहितां येत नाहीं. दुसऱ्या परीक्षेंत डेस्कटॉपवर चित्र साठलें व पिक्चर्समध्यें साठलें नाहीं, तर हा संशय घ्यावा. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्यें ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ ह्या सदरांत जाऊन आपल्या ब्राउझरास परवानगी द्यावी. पहारा मात्र सर्वस्वीं उठवूं नये.

ब्राउझर

पूर्वीच्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्यें एक चमत्कारिक दोष आढळे. तात्पुरता सांठा भरला किंवा बिघडला म्हणजे तो कोणतेंही चित्र मूळ रूपांत न देतां केवळ बिटमॅप म्हणून, तेंही निनांवी, साठवूं देई. सांठा रिकामा केला कीं काम पूर्ववत् चाले. तो ब्राउझर १५ जून २०२२ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० पुरता बंद केला. पण त्यावरचा उपाय आजच्या ब्राउझरांसही कधीं कधीं लागू पडतो. ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ व ‘डिलीट’ एकत्र दाबावीं व तेथें फक्त तात्पुरतीं चित्रें व फाईली ह्यांपुढें खूण ठेवावी. संकेतशब्दांपुढें खूण केल्यास बँकेपासून बाजारसमितीपर्यंत सर्व संकेतशब्द पुन्हां आठवत बसावें लागेल.

ब्राउझरला जोडलेले उपप्रोग्रॅमही आड येतात. क्रोम किंवा एजमध्यें ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ व ‘एन’ दाबून खाजगी खिडकी उघडावी. तेथें हे उपप्रोग्रॅम, आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर, चालत नाहींत. त्या खिडकींत चित्र साठलें, तर एकेक उपप्रोग्रॅम बंद करून अपराधी शोधावा.

नांव व रूप

फाईलीला नांव देतांना आमचे बंधू सहजच तारीख तिरपी रेघ घालून लिहितात, आणि तेथेंच घोटाळा होतो. तिरपी रेघ, एकाखालीं एक दोन ठिपके, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरणचिन्ह व उभी रेघ हीं चिन्हें विंडोजला नांवांत चालत नाहींत. तसेंच फोल्डराच्या नांवासह सर्व पत्ता सामान्यतः २६० अक्षरांच्या आंत बसावा लागतो; इंटरनेटवरील कांहीं चित्रांचीं नांवें आधींच लांबलचक असतात, तीं आंखूड करावीं. प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्यें आडवी रेघ, असें नांव दिलें म्हणजे चित्रें आपोआप कालक्रमानें लागतात.

कधीं चित्र साठतें, पण उघडत नाहीं. ह्याचें कारण बहुधा त्याचें रूप. जेपेग हें रूप १९९२ पासूनचें असून तें सर्वत्र चालतें. परंतु २०१० सालीं गुगलनें वेबपी हें नवें रूप काढलें, व तें कांहीं जुन्या प्रोग्रॅमांस ओळखतां येत नाहीं. असें चित्र बिघडलें समजून पुसूं नये; तें ब्राउझरांत उघडतें. केवळ नांवाचें शेपूट बदलून रूप बदलत नाहीं, हें ध्यानांत असावें. चित्राऐवजीं सबंध पानच साठलें असेल, तर आपण ‘सेव्ह इमेज’ऐवजीं ‘सेव्ह लिंक’ निवडलें असें समजावें.

पानाचाच दोष असेल तर

कांहीं पानांवर उजवें बटण मुद्दाम बंद केलेलें असतें. कोठें चित्र पार्श्वभूमि म्हणून बसविलेलें असतें. हलणारे हवामानाचे नकाशे तर अनेक तुकडे जोडून तयार होतात, व त्यांचें एकसंध चित्र मुळांत नसतेंच. आणखी एक कारण असें कीं, पान सुरक्षित मार्गानें येतें व चित्र मात्र जुन्या असुरक्षित मार्गानें. अशीं उतरवणीं टप्प्याटप्प्यानें रोखण्याचें गुगलनें २०२० सालीं जाहीर केलें. तेथें हुकूम केला तरी कांहींच घडत नाहीं, आणि मनुष्य गोंधळतो. अशा वेळीं चित्र नव्या टॅबमध्यें स्वतंत्र उघडून साठवून पाहावें.

तेंही न साधल्यास ‘विंडोज’ व ‘प्रिंट स्क्रीन’ हीं बटणें एकत्र दाबावीं. सबंध पडद्याचें चित्र पिक्चर्समधील ‘स्क्रीनशॉट्स’ ह्या फोल्डरांत पडतें. ७२ तासांची घाई असतां दोष शोधीत न बसतां प्रथम हेंच करावें, व कारण मागाहून पाहावें. मालकानें उतरवून घेण्यास मज्जाव केलेलें चित्र मात्र स्वतःच्या नोंदीपुरतेंच वापरावें. छापावयाचें असल्यास त्याची परवानगी घ्यावी.

शेवटचा इशारा

तिसऱ्या परीक्षेंत नोटपॅडच्या ओळीही साठल्या नाहींत, जागा पुरेशी आहे, फोल्डर जागेवर आहे, आणि संगणक वारंवार अडखळतो किंवा डिस्कमधून टकटक ऐकूं येते, असें असेल तर डिस्क निकामी होऊं लागली असा संभव आहे. तेव्हां इतर सर्व खटपट सोडून आधीं चित्रें, सातबाराचे उतारे व हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे, आणि मग यंत्र जाणत्याच्या हातीं द्यावें.

संगणक पुसून नव्यानें बसविणें हा उपाय अजीबात वर्ज्य नाहीं. पण तो सर्वांत शेवटचा. दुरुस्तीवाल्यानें तो सुचविल्यास त्यास दोन प्रश्न विचारावे: दोष कोणता ठरला, आणि आमच्या चित्रांची दुसरी प्रत घेतली काय? ह्या दोहोंचें समाधानकारक उत्तर मिळाल्याखेरीज संमति देऊं नये. संगणक नवा मिळेल. गेल्या हंगामाच्या बागेचें चित्र पुन्हां मिळावयाचें नाहीं.